गुठळी एकीकडे, औषध सगळीकडे

कोविडमध्ये पुण्यातल्या घराघरात एक शब्द माहीत झाला, डी-डायमर. रिपोर्ट हातात आला की आधी तोच आकडा बघायचे सगळे, पण तो नेमका कशाचा असतो हे फारसं कोणी सांगितलं नाही. तर रक्ताची गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांचं जाळं, त्यात प्लेटलेट्स आणि लाल पेशी अडकलेल्या. हे जाळं कापणारं एन्झाइमही आपल्याच शरीरात असतं, प्लाझमिन, आणि ते फायब्रिन कापतं तेव्हा जे तुकडे रक्तात सुटतात त्यातलाच एक म्हणजे डी-डायमर. म्हणजे गुठळी विरघळवायची सोय आपल्यात आधीपासून आहे, पण ती चालते सावकाश. मेंदूची मोठी रक्तवाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला साधारण १९ लाख न्यूरॉन मरतात असा हिशोब आहे, त्यामुळे सावकाश चालून भागत नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगतो कारण यात खूप जणांचा गोंधळ होतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या किंवा पोटावर टोचतात ती हेपारिनची इंजेक्शनं, ही गुठळी विरघळवत नाहीत, ती वाढू देत नाहीत एवढंच. विरघळवणारी औषधं वेगळी. त्यातलं जुनं म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज, अमेरिकन डॉक्टर विल्यम टिलेट यांना १९३३ मध्ये स्ट्रेप्टोकॉकस बॅक्टेरियात सापडलेलं. नंतर आलं टीपीए, जे मुळात आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशीच बनवतात आणि जे झोपलेल्या प्लाझमिनला जागं करतं. अमेरिकेत स्ट्रोकसाठी त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

औषध चांगलंच आहे, प्रॉब्लेम पत्त्याचा आहे. गुठळी असते कुठेतरी काही मिलिमीटरची आणि औषध हाताच्या शिरेतून जाऊन पाचेक लिटर रक्तात सगळीकडे फिरतं. वर ते रक्तात जेमतेम पाच मिनिटांत निम्मं होतं, म्हणून तासभर ड्रिपने देत राहायचं. आणि त्या तासात ते पोटातल्या अल्सरवरची गुठळी पण विरघळवतं, मेंदूतल्या एखाद्या कमजोर वाहिनीला सावरून धरणारी गुठळी पण, त्याला फरक कळत नाही. ज्या अमेरिकन ट्रायलमुळे टीपीए आलं त्यात हे औषध मिळालेल्या ६.४ टक्के पेशंटना लक्षणं दिसण्याइतका मेंदूत रक्तस्राव झाला, औषध न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ०.६ टक्के होतं. तरीही एकूण फायदा जास्त म्हणून ते देतात.

याच भीतीमुळे कॅज्युअल्टीत एवढे प्रश्न विचारतात. स्ट्रोकचा पेशंट आला की पहिला प्रश्न, शेवटचे नीट बोलत-चालत कधी होते? मग सीटी, कारण आधीच रक्तस्राव असेल तर हे औषध म्हणजे घातच. मग बीपी, १८५/११० च्या वर असेल तर आधी ते खाली आणायचं, मग अलीकडे ऑपरेशन झालंय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. नातेवाईक वैतागतात, इकडे माणूस चाललाय आणि हे काय विचारत बसलेत म्हणून, पण त्यातला एकही प्रश्न उगाच नसतो. साधारणपणे साडेचार तासांच्या आत हे सगळं व्हायला लागतं, आणि संध्याकाळी सहाला हिंजवडीतून निघालेल्या गाडीसाठी साडेचार तास म्हणजे फार नाहीत, त्यामुळे तोंड वाकडं, हात लुळा किंवा बोलणं अडखळतं असं दिसलं की थेट सीटी असलेल्या हॉस्पिटललाच न्या.

पत्ता नीट लिहायचे प्रयत्न बरेच झालेत. पहिला रस्ता म्हणजे औषधाचा रेणूच बदलायचा. टेनेक्टेप्लेज हा टीपीएचा तीन ठिकाणी बदललेला भाऊ, फायब्रिनशी जास्त इमानदार आणि रक्तात जास्त टिकणारा, त्यामुळे तासभर ड्रिप नको, एकच इंजेक्शन. हे आपल्या हिंजवडीत जेनोव्हा कंपनी बनवते, मला याचं खरंच कौतुक वाटतं. चंदीगडच्या इमटेक या सरकारी संशोधन संस्थेत गिरीश साहनी यांच्या टीमने गुठळीपाशीच काम करेल असं स्ट्रेप्टोकायनेजही तयार केलं होतं.

दुसरा रस्ता मला जास्त भारी वाटतो, औषधाला गाडीत बसवून पाठवायचं. २०१२ मध्ये हार्वर्डच्या ‘वीस’ (Wyss) नावाच्या इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी नॅनोकणांचे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे, प्लेटलेटएवढे गोळे केले आणि कणांवर टीपीए बसवलं. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पुण्यातल्या नव्या पुलाच्या कमानीत मुठा नदी कशी जोर धरते, तसंच गुठळीने अरुंद झालेल्या वाहिनीत रक्त जोरात घासत जातं, आणि हे गोळे फक्त तेवढ्या जोरालाच फुटतात. इतर ठिकाणी अख्खेच फिरत राहतात. उंदरांमध्ये नेहमीच्या डोसच्या अगदी थोड्या भागात काम झालं. काही जण कणांवर असे रेणू लावतात जे जागृत झालेल्या प्लेटलेट्सनाच चिकटतात, तर काही जण लोहाचे कण बाहेरून चुंबकाने ओढतात.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. बाहेरचा कण दिसला की लिव्हर आणि प्लीहा तो गिळून टाकतात. आणि वाहिनी पूर्ण बंद असेल तर तिथे प्रवाहच नाही, मग जोराने फुटणारा गोळा पोचणार कसा? म्हणून पुढे सशांवरच्या प्रयोगात आधी तात्पुरत्या स्टेंटने थोडी वाट मोकळी केली आणि मग कण सोडले. उंदीर-सशांपासून माणसापर्यंतचं अंतर मोठं आहे, आणि माणसात खरी परीक्षा गुठळी विरघळली का याची नाही, डोक्यात रक्तस्राव कमी झाला का याची आहे.

कारण हे सगळं ज्यांच्यासाठी हवंय ते आज औषध असूनही त्याशिवाय राहतात. आठवड्यापूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी, ज्यांच्या पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली. गेल्याच महिन्यात डोक्याला मार लागून आयसीयूत राहिलेला पोरगा. औषध तिथेच कपाटात असतं, आणि डॉक्टरला ते बाहेर काढण्याआधी दहादा विचार करावा लागतो.