‘बिग हँड’ म्हणजे मोठा हात नव्हे

नमस्कार.

शाळेचं गॅदरिंग असो, सोसायटीचा गणेशोत्सव असो की कंपनीचा वार्षिक सोहळा, निवेदनाच्या इंग्रजी आणि मराठी संहिता तपासून देणं हे आमचं काम. त्यात एक वाक्य हमखास सापडतं: ‘आता आपल्या चिमुकल्यांना एक मोठा हात द्या!’ मराठीत हात द्यायचा तो अडचणीत सापडलेल्याला. स्टेजवरची मुलं तर उत्तम नाचून गेलेली असतात.

मूळ इंग्रजी वाक्य ‘गिव्ह देम अ बिग हँड’. इथे हँड म्हणजे टाळ्या. हा अर्थ रंगभूमीवर जुना आहे. शेक्सपिअरच्या ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ची पहिली छापील प्रत १६०० सालची. त्या नाटकाच्या शेवटी पक नावाचं पात्र प्रेक्षकांकडे त्यांचे हात मागतं, म्हणजे टाळ्याच मागतं.

घोटाळा होतो तो एका शब्दाने. ‘गिव्ह मी अ हँड’ म्हटलं तर बहुतेक वेळा अर्थ ‘जरा मदत कर’ असा. त्यात ‘बिग’ आला आणि समोर प्रेक्षक असले की टाळ्या. कलाकाराच्या बाजूने बोलायचं तर ‘शी गॉट अ बिग हँड’, म्हणजे तिला भरघोस टाळ्या मिळाल्या. आपल्याकडे नाटकवाले म्हणतात, ‘तिने टाळी घेतली.’ किती नेमकं मराठी आहे हे! ते असताना ‘मोठा हात’ कशाला?

हजार माणसं टाळ्या वाजवत असली तरी इंग्रजीत ‘हँड’ एकवचनीच राहतो. ‘बिग हँड्स फॉर अवर चीफ गेस्ट’ हे चूक. शिवाय हा प्रयोग घरगुती, मोकळा आहे. जीवनगौरव पुरस्काराच्या वेळी ‘राउंड ऑफ अप्लॉज’ जास्त शोभतं.

मराठी निवेदनात ‘जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या’ किंवा ‘टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत करू या’ असं लिहा. ‘टाळी द्या’ मात्र नको, ती दोन मित्रांनी एकमेकांना द्यायची.

संहिता कार्यक्रमाच्या चार दिवस आधी आणा आणि जमल्यास निवेदकालाही सोबत आणा. कागदावर नजरेतून सुटलेलं मोठ्याने वाचताना कानाला लगेच खटकतं.