सान हुआन दे ला क्रूस यांच्या गूढकाव्याच्या आधुनिक चाली

कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी संघाचे स्पॅनिश संन्यासी-कवी सान हुआन दे ला क्रूस (१५४२–९१) यांच्या भक्तिकवितांना विसाव्या शतकापासून मैफली, लोकगीत व फ्लामेंको (दक्षिण स्पेनची गायन-नृत्यशैली) या अंगांनी लागलेल्या चाली. ‘कांतिको एस्पिरित्वाल’ (आध्यात्मिक गीत; जीव वधू आणि ईश्वर वर, अशी कल्पना), ‘नोचे ओस्कुरा’ (काळोखी रात्र) आणि झऱ्यावरील ‘ला फोंते’ याच कवितांकडे संगीतकार पुनःपुन्हा वळतात.

‘कांतिको’ची पहिली ३१ (काहींच्या मते ३०) कडवी स्पेनमधील तोलेदो शहरी, कैदेतल्या कोठडीत, बहुधा १५७८ मध्ये रचली गेली. १६१८ च्या पहिल्या मुद्रित संग्रहात ही कविता नाही. हस्तलिखितांच्या दोन शाखा आहेत : ‘अ’ (३९ कडवी) व ‘ब’ (४०). फरक एका कडव्यापुरता नाही. ‘अ’मध्ये फुललेल्या शय्येचे कडवे १५ वे आणि वधूच्या उपवनप्रवेशाचे २७ वे, ‘ब’मध्ये ती अनुक्रमे २४ वी व २२ वी, म्हणजे क्रम उलटा. १९२२ मध्ये फ्रेंच अभ्यासक फिलिप शव्हालिए यांनी ‘ब’च्या कर्तृत्वावर शंका घेतली. आज बहुतेक अभ्यासक ती कवीचीच मानतात. तथापि तिची मांडणी साधनेच्या टप्प्यांना धरून आहे. गाण्यासाठी ‘अ’चा ओघ अधिक सरस ठरतो. दोन्हींतली कडवी सरमिसळ घेतल्यास मीलनाची चढण तुटते.

‘कांतिको’ व ‘नोचे’ यांचा छंद ‘लिरा’ : पाच ओळी, ७-११-७-७-११ अक्षरे. चार मात्रांचे आवर्तन घेतल्यास सात अक्षरे दोन आवर्तनांत ऐसपैस बसतात. अकरा तेवढ्यातच कोंबली की शब्द चेंगरतात. लांब ओळीला तिसरे आवर्तन द्यावे आणि सहाव्या व दहाव्या अक्षरांवरील आघात समेजवळ आणावे. ‘एन ऊना नोचे ओस्कूरा’ या ओळीत ‘चे’ आणि ‘ओस्’ मिळून एकच अक्षर होते. त्यांना वेगळे सूर दिल्यास सातांची आठ होतात. दुसरी अडचण ध्रुवपदाची. ‘ला फोंते’ला ते मुळातच आहे, ‘नोचे’ला नाही. कॅनेडियन गायिका लोरीना मॅकेनिट यांनी इंग्रजी रूपांतरात (१९९४) पाचवे कडवे ध्रुवपद केले. त्याने गाणे बांधले जाते, पण आठ कडव्यांची एकाच दिशेची वाटचाल थांबत थांबत होते.

स्पॅनिश संगीतकार फेदेरिको मोंपोऊ यांनी ‘ला फोंते’साठी (१९५१) कंठ व पियानो आळीपाळीने योजले, त्यामुळे शब्द साथीखाली दबत नाहीत. त्यांच्या ‘मूसिका काल्यादा’ (निःशब्द संगीत, १९५९–६७) या २८ पियानोरचनांनी ‘कांतिको’तून केवळ शीर्षक घेतले आहे. स्पॅनिश गायक-संगीतकार आमान्सिओ प्रादा यांनी चाल दिलेले ‘कांतिको’ १९७७ चे. फ्लामेंकोत गायक एन्रिके मोरेंते यांनी ‘ला फोंते’ गायली. स्पॅनिश गायिका रोसालिया यांनी ती २०१७ मध्ये पुन्हा गायली.