घरच्या घरी बागकाम (पुणे)

गच्चीत, गॅलरीत, खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा बंगल्यापुढच्या चार हात जागेत घरातल्या माणसांनी माळी न लावता स्वतः करायची कामे. ओला कचरा जिरवून खत करणे, त्यातून माती तयार करणे, वाफे रचणे, वेलांना मांडव घालणे, गावाला जाताना झाडांच्या पाण्याची सोय लावणे ही त्यांतली मुख्य. दिवाळीतला मातीचा किल्लाही याच हातकामात धरायला हवा. खर्च थोडा, हत्यारे घरातलीच आणि सुरुवात कचऱ्यापासून, असे या कामांचे पुण्यातले स्वरूप आहे.

पूर्वपीठिका

जुन्या पेठांतल्या वाड्यांना मागे परसू असे. न्हाणीचे सांडपाणी अळू, कर्दळ आणि केळीच्या आळ्यात सोडलेले असायचे, पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन आणि प्राजक्त. खरकटे आणि पत्रावळी परसातच कुजत. त्यामुळे खत करणे हे वेगळे काम म्हणून कुणी शिकत नसे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या पुरात नदीकाठचे कितीतरी वाडे गेले आणि माणसे नव्या वसाहतींत राहायला गेली. पुढच्या काळात उरलेल्या वाड्यांच्याही जागी इमारती उभ्या राहिल्या. परसू गेला, गॅलरी आली आणि झाडे कुंड्यांत.

दुसरे कारण कचऱ्याचे. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोत जात राहिला. तिथल्या विहिरींचे पाणी खराब झाले, दुर्गंधी आणि माश्यांनी गावकरी हैराण झाले, त्यांनी कचऱ्याच्या गाड्याही अडवल्या. भाजीची देठे आणि फळांची साले घरात जिरवणे हा शहरवासीयांचा छंद नाही, ते या गावांचे देणे आहे, असे मानणारे अनेक जण त्या काळात या कामाकडे वळले. 2016 च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे देशभर बंधनकारक केले. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघरी वेगळा केलेला कचरा गोळा करते. ओला कचरा घरीच जिरला तर या कचरावेचकांच्या वाट्याचे कष्ट तेवढे कमी होतात.

माती

पुण्यात बागकाम सुरू करणारा पहिल्यांदा रोपवाटिकेत जातो आणि लाल मातीची पोती घेऊन येतो. कुंडीपुरते हे ठीक आहे. गच्चीवर वाफा करायचा असेल तर नाही. भिजलेली माती घनमीटरला 1600 ते 1900 किलो भरते. म्हणजे एक फूट जाडीचा थर चौरस मीटरला 500 किलोंच्या आसपास जातो. वावरायच्या गच्चीचा आराखडा करताना भारतीय मानकानुसार जो भार धरतात, तो चौरस मीटरला साधारण 150 किलो. त्यामुळे गच्चीवर माती वाहून नेऊ नये, ती तिथेच हलकी तयार करावी. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या ‘प्रयोग परिवार’ या स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटाने महाराष्ट्रात ही दृष्टी रुजवली: काडीकचरा, पालापाचोळा आणि ऊन एवढ्या भांडवलावर घराभोवती अन्न पिकवता येते.

साहित्य शहरातच पडलेले असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेची झाडे पाने गाळतात आणि झाडलोट करणारे ढिगाला काडी लावतात. त्या धुराने सकाळी अख्ख्या गल्लीचा घसा धरतो. हा पाला जाळू नये, ज्याला हवा त्याने न्यावा, म्हणून अदिती देवधर यांनी 2016 मध्ये पुण्यात ‘ब्राउन लीफ’ हा उपक्रम सुरू केला. ज्यांच्या अंगणात पाने आहेत आणि ज्यांना गच्चीसाठी पाने हवीत, त्यांची त्यातून गाठ पडते. पाल्याच्या जोडीला रसवंतीवरचे चिपाड आणि नारळाच्या शेंड्या चालतात. चिपाड आधी दोन दिवस उन्हात वाळवावे. ताजे टाकले तर त्यातल्या साखरेला मुंग्या लागतात.

वाफा विटांनी, चुना-सिमेंट न लावता रचतात. आठ-नऊ इंचांपेक्षा उंच करू नये. तो भिंतीलगत, तुळईच्या रेषेवर घ्यावा. स्लॅबच्या मध्यावर कधीच नको. तळाशी शेंड्या आणि चिपाड, वर दाबून भरलेला पाला, मधे मधे शेणाच्या पाण्याचा शिंतोडा आणि अगदी वर दोन-तीन इंच खत-माती. पाला कुजून खाली बसतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी नवा थर द्यावा लागतो. पाणी वाहून जायला विटांमध्ये फटी ठेवाव्यात आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग आधी तपासून घ्यावे. खालच्या मजल्यावर ओल उतरली, तर सोसायटीच्या पुढच्या सभेत बाग हाच विषय असतो. गच्ची सहसा सामाईक असल्यामुळे कमिटीची लेखी परवानगी हे या कामातले पहिले साहित्य समजावे.

ओल्या कचऱ्याची बादली

सगळ्यात सोपे आणि सगळ्यात जास्त वेळा अर्धवट सोडले जाणारे काम. रंगाची 20 लिटरची रिकामी बादली घेतात. खिळा तापवून तिच्या तळाला आणि कडेने भोके पाडतात. ती दोन विटांवर ठेवून खाली ताटली ठेवतात. तळाशी चार बोटे सुका पाला, मग दिवसाचा ओला कचरा बारीक चिरून, त्यावर कचऱ्याच्या दुप्पट सुका पाला. असे रोज. विरजण म्हणून पहिल्या वेळी मूठभर जुने खत किंवा आंबट ताक घालतात. बाजारात तयार कल्चरही मिळते, पण जुने खत असेल तर त्याची गरज नाही.

बादली बिघडते ती जवळजवळ नेहमी पाण्यामुळे. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र आणि पाणी जास्त, वाळल्या पानांत कर्ब जास्त. जिवाणूंना नत्राच्या एका भागाला कर्बाचे 25 ते 30 भाग लागतात. पाला कमी पडला की आत हवा फिरत नाही आणि कुजका वास सुटतो. मिश्रण मुठीत दाबून पाहावे: बोटांमधून एखाद-दुसरा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर पाला वाढवावा, काहीच आले नाही तर पाणी शिंपडावे. पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये, ती काम करणारी आहे. करड्या-पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या की पुष्कळ जण बादलीच फेकून देतात. बहुधा त्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने संपवतात. ज्यांना त्या पाहवत नाहीत त्यांनी वर सुक्या पाल्याचा जाड थर द्यावा. दोन ते तीन महिन्यांत खत काळसर, भुसभुशीत होते आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. तेलकट भाजी, मांस-मासे आणि दूध या बादलीत घालू नये.

हंगामाची कामे

पुण्यात वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. बाकीचे महिने झाडे माणसांच्या आठवणीवर जगतात. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांबूला बांधावी. कुंडीतली उघडी माती पाल्याने झाकली की पाणी निम्म्यावर भागते. चार-आठ दिवस गावाला जायचे असेल तर पाण्याची बादली कुंड्यांपेक्षा उंच ठेवून तिच्यातून प्रत्येक कुंडीत एक वात सोडतात. जुन्या सुती साडीची वात चालते, पण लवकर कुजते. नायलॉनमिश्रित दोरी टिकते. वातीचे टोक मुळाशी दोन इंच पुरावे.

भाज्यांत मेथी आणि कोथिंबीर सर्वांत सोप्या. धने लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करूनच पेरावेत. पुदिना भाजीवाल्याकडच्या जुडीच्या काडीवर येतो, गवती चहाला एक कंद पुरतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि शेवग्यावर मावा हमखास येतो. जुना दात घासायचा ब्रश आणि साबणाचे पाणी यांनी आधी घासून काढावे, मगच लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब संध्याकाळी फवारावेत.

पावसाळ्यातले एक काम टाळता येत नाही. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रित्या करून घासायच्या. डेंगीच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात, आणि डासांची पैदास सापडली की महापालिका सोसायटीला नोटीस देते.

गणपती आणि दिवाळी

विसर्जनानंतरचे निर्माल्य खताच्या बादलीत थेट जाते. दोरे, जरी आणि थर्माकोल मात्र आधी काढावे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने घरी करता येईल अशी पद्धत दिली आणि महापालिकेने त्यासाठीची पावडर लोकांना वाटली. मूर्ती बुडेल एवढ्या पाण्यात मूर्तीच्या वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट घालून मधून मधून ढवळले की लहान मूर्ती दोन-तीन दिवसांत विरघळते. तळाला चुनखडी बसते आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, जे नत्रखत आहे. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून बादली उघड्यावर ठेवावी आणि ते पाणी भरपूर पातळ करूनच झाडांना द्यावे. शाडूची मूर्ती घरीच विरघळते, पण तो गाळ कुंडीत ओतू नये. तो वाळला की टणक होतो आणि मुळांना हवा मिळत नाही.

दिवाळीचा किल्ला हा पुण्यातल्या मुलांचा बागकामाचा पहिला धडा, आणि मोठ्यांनी त्यात हात घालू नये. विटा-दगडांचा ढीग, त्यावर भिजवलेले गोणपाट, त्यावर मातीचा लेप. बुरूज, महादरवाजा, पाण्याचे टाके झाले की उतारांवर अळीव पेरतात. अळिवाला भिजल्यावर चिकट बुळबुळीत आवरण येते, त्यामुळे तो खड्या उतारावरही घसरत नाही. तीन-चार दिवसांत हिरवळ दिसते, म्हणून वसुबारसेला किल्ला हिरवा हवा असेल तर पेरणी चार-पाच दिवस आधी करावी लागते. पाणी तांब्याने ओतले तर बी वाहून जाते, हाताने शिंपडावे. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला की ती माती वाफ्यात जाते, फक्त गेरू आणि रंगाचा थर आधी खरवडून टाकावा.

साहित्य मिळण्याच्या जागा

मातीच्या कुंड्या आणि किल्ल्यावरचे मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यात, खिळे, तारा, जाळ्या आणि नळ्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, बांबू आणि टोपल्या बुरुडांकडे मिळतात. जुने टब, डबे, लोखंडी स्टँड जुन्या बाजारात नव्याच्या कितीतरी कमी भावात मिळतात. रोपांसाठी सोलापूर रस्त्यावर हडपसरपासून उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकांची रांग आहे. एम्प्रेस गार्डनमधले जानेवारीतले पुष्पप्रदर्शन पाहायला तर जावेच, पण तिथल्या जाणकारांना रोगट पान दाखवून विचारताही येते. गांडूळखत, पर्जन्यजलसंधारण किंवा सौरऊर्जा यांपैकी एक व्यवस्था चालू असलेल्या मिळकतींना महापालिका मालमत्ता करात 5 टक्के आणि एकाहून जास्त असल्यास 10 टक्के सवलत देते. व्यवस्था चालू स्थितीत नसेल तर ही सवलत काढून घेतली जाते.