सायकलीचा वेग गिअर ठरवत नाही, हवा ठरवते

पुढे परातीएवढं दातेरी चाक, मागे लिंबाएवढं, आणि सायकल म्हणे ताशी शंभरनं धावते. असे व्हिडिओ मोबाइलवर सारखे फिरत असतात. ते पाहून मनात पक्कं बसतं की वेग गिअरमध्ये दडलेला आहे. गिअर मोठा केला की वेग वाढला! सायकलीवर मनापासून प्रेम करणाऱ्या, चांगल्या शिकलेल्या माणसांकडूनही मी हे ऐकतो, म्हणून हा लेख.

आधी साधा हिशोब करू. रेसिंग सायकलीला पुढे ५३ दाते आणि मागे ११ दाते असा गिअर सहज मिळतो. पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ पाच वेळा फिरतं आणि सायकल सुमारे १० मीटर पुढे जाते. मिनिटाला १०० फेऱ्या मारल्या की वेग झाला ताशी ६० किलोमीटर. म्हणजे ताशी साठचा गिअर सायकलीवर आधीपासूनच आहे. तरीही फिलिपो गाना या इटालियन सायकलपटूनं ८ ऑक्टोबर २०२२ रोजी तासाभराच्या विक्रमात ५६.७९२ किलोमीटर कापले, तेही बंदिस्त ट्रॅकवर, सगळा जीव ओतून. गिअर शिल्लक होता, पायातली ताकद संपली होती.

ती ताकद खाते हवा. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण तो चौपट विरोध आता दुप्पट वेगानं ढकलायचा असतो, म्हणून लागणारी शक्ती आठपट होते. वाकून बसलेल्या स्वाराला ताशी ३६ किलोमीटर वेगाला हवेसाठी साधारण १८० वॅट लागतात. ताशी ७२ ला १,४४० वॅट, आणि ताशी १४४ ला साडेअकरा हजार वॅट, म्हणजे पंधरा अश्वशक्ती. उत्तम तयारीचा माणूस काही मिनिटं चारशे-पाचशे वॅट देऊ शकतो. गिअर यात एका वॅटचीही भर घालत नाही. तो फक्त जोर आणि अंतर यांची अदलाबदल करतो.

याच ठिकाणी लोहचुंबकं किंवा जड फिरती चाकं बसवून 'फुकटची ऊर्जा' देणाऱ्या सायकलींचा दावा मोडून पडतो. जड चाक आपण घातलेली ऊर्जा साठवून ठेवतं आणि त्यातली थोडी घर्षणात घालवून बाकीची परत देतं. घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा परत देणारं यंत्र कुणी बनवलेलं नाही, आणि असं यंत्र विकायला आलेल्याला एक पैसाही देऊ नये.

मग खरोखरचा प्रचंड वेग कसा गाठला गेला? एक वाट म्हणजे हवेतून पळ काढणं. ३० जून १८९९ रोजी अमेरिकेत चार्ल्स मर्फी यांनी आगगाडीच्या मागोमाग, रुळांमध्ये अंथरलेल्या फळ्यांवरून सायकल चालवून एक मैल ५७.८ सेकंदांत पार केला. हवा डबा कापत होता, मर्फी त्याच्या आडोशाला होते. याच वाटेचं टोक म्हणजे अमेरिकन सायकलपटू डेनिस म्युलर-कोरेनेक. १६ सप्टेंबर २०१८ रोजी अमेरिकेतल्या युटा राज्यात, बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यांनी शर्यतीच्या मोटारीमागे राहून ताशी २९६ किलोमीटर गाठले. त्या आडोशातून क्षणभर बाहेर पडणं म्हणजे छातीवर शंभरेक किलोचा धक्का.

हवा बाजूला झाली की मात्र गिअर खरोखर आडवा येतो. ताशी २९६ ला मिनिटाला १०० फेऱ्या मारायच्या, तर एका फेरीत ४९ मीटर जायला हवं. नेहमीच्या आकाराच्या चाकावर आणि मागे ११ दाते ठेवून हे एकाच चेननं साधायचं, तर पुढचं चाक सुमारे २६० दात्यांचं लागेल. त्याचा व्यास मीटरभराहून जास्त भरेल आणि ते थेट जमिनीत घुसेल! म्हणून दोन टप्पे करतात: पायडलची चेन मधल्या एका दांड्याला फिरवते आणि त्या दांड्यावरची दुसरी चेन मागच्या चाकाला. साडेचारपट गुणिले पाचपट, झाले साडेबावीसपट. पण अशा गिअरवर पायडलवर ७० किलोचा भार टाकला तरी रस्त्यावर जेमतेम दीड किलोचा जोर पोचतो. सायकल जागची हलणार कशी? म्हणून आधी मोटारीनं दोरानं ओढून न्यायचं आणि चांगला वेग आला की दोर सोडायचा.

दुसरी वाट मला जास्त भावते, कारण तिथे हवेशी समोरासमोर गाठ आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच नेवाडा राज्यात, बॅटल माउंटन गावाजवळच्या जवळजवळ सपाट रस्त्यावर टॉड राइकर्ट यांनी पुढे कुठलंही वाहन नसताना ताशी १४४.१७ किलोमीटर वेग गाठला, निव्वळ पायांच्या बळावर. सायकलीचं नाव 'ईटा'. कार्यक्षमतेसाठी वापरतात ते ग्रीक अक्षर. वरचे साडेअकरा हजार वॅट आठवा. माणूस पाचशेच्या आसपास देतो, म्हणजे हवेचा विरोध वीसपटीहून जास्त कमी झाला असला पाहिजे.

स्वाराला पाठीवर निजवलं की हवेला दिसणारं त्याचं क्षेत्रफळ खूप घटतं. बाकीची सगळी करामत सायकल आणि स्वार दोघांना झाकणाऱ्या कवचाच्या आकाराची. आणि इथे आणखी एक समज आड येतो: पुढचं टोक अणकुचीदार हवं, म्हणजे हवा 'कापली' जाईल. खरी लढाई मागच्या बाजूला असते. गोल तारेवरून जाणारी हवा मागे पुन्हा जुळत नाही. ती सुटते, भोवरे करते, मागे कमी दाबाचा पट्टा राहतो आणि तो तारेला मागे खेचतो. तीन मिलिमीटरची गोल तार आणि तिच्या दहापट जाड, पण माशासारखी मागे निमुळती होत गेलेली पट्टी, या दोघींना हवेचा विरोध जवळपास सारखाच होतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सायकलीच्या चाकाच्या तारांकडे कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

आता थोडं खोलात. कवचाला चिकटलेली हवा कवचाबरोबर चालते आणि बाहेरची स्थिर असते. हा फरक पृष्ठभागालगतच्या अगदी पातळ थरात मिटतो. त्या थरात हवेचे पापुद्रे पत्त्यांसारखे एकमेकांवरून शिस्तीत सरकत असतील, तर घर्षण कमी. त्यांची घुसळण सुरू झाली, की बाहेरची हवा थेट पृष्ठभागापर्यंत पोचते आणि घर्षण कित्येक पटींनी वाढतं. शिस्त टिकते ती पुढे पुढे दाब उतरत असेपर्यंत. कवच रुंदावत जातं तिथे हवा वेग घेते, दाब उतरतो आणि थर पुढे ओढला जातो. सर्वांत रुंद जागा ओलांडली की दाब चढू लागतो, आणि आधीच मंदावलेल्या थराला जणू चढण लागते. तिथे तो घुसळतो किंवा सुटतोच. म्हणून रुंद भाग होईल तितका मागे सारायचा, पण फार मागे सारला तर शेपूट आखूड आणि उतरतं होऊन हवा सुटते. या दोहोंमधली जागा शोधण्यात आकृतिकाराचे महिने जातात. आणि एवढं करून पुढच्या भागावर एखादा चिलट चिकटला किंवा दाराचा सांधा केसभर वर राहिला, तरी त्याच्या मागचा पट्टा घुसळू लागतो.

म्हणूनच ईटाला खिडकी नाही. काचेचा सांधा नको, म्हणून स्वार कॅमेऱ्याच्या पडद्यावर रस्ता बघतो.

घरच्या सायकलीवर यातलं काही करू नका, हे कळकळीनं सांगतो. वेग चौपट झाला की थांबवायची ऊर्जा सोळापट होते, आणि ब्रेक तेच राहतात.

ईटाचा वेग मोजला जातो शेवटच्या दोनशे मीटरांत. तिथवर पोचायला काही किलोमीटर हळूहळू वेग चढवावा लागतो, कारण हाताशी माणसाएवढेच वॅट असतात. पाय कवचात बंद असल्यामुळे स्वाराला जमिनीवर पाय टेकता येत नाहीत. निघताना साथीदार सायकल धरून धावतात, आणि पुढे रस्त्याच्या टोकाला दुसरे साथीदार तिला झेलायला उभे असतात.