ग्रेगरी, टोनी

ग्रेगरी, टोनी : (५ डिसेंबर १९४७–२ जानेवारी २००९). आयर्लंडमधील अपक्ष डावे राजकारणी. डब्लिन सेंट्रल मतदारसंघातून फेब्रुवारी १९८२ पासून मृत्यूपर्यंत ते डॉल एरन या आयरिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सदस्य होते आणि या काळात एकदाही पराभूत झाले नाहीत. एकापेक्षा अधिक जागांचे मतदारसंघ आणि पसंतीक्रमाचे संक्रमणीय मत (विजयी उमेदवाराची अतिरिक्त किंवा बाद झालेल्याची मते पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाणे) या पद्धतीमुळे आयर्लंडमध्ये अपक्ष निवडून येणे हे नवल नाही. एका अपक्षाने सभागृहात प्रथमच निवडून येताच पंतप्रधान कोण होणार हे ठरवावे, हे मात्र विरळा. (संक्रमणीय मतपद्धतीतील अतिरिक्त मते वाटण्याच्या ‘ग्रेगरी पद्धती’शी त्यांचा संबंध नाही; ती एकोणिसाव्या शतकातील ऑस्ट्रेलियातील दुसऱ्या ग्रेगरींची.)

त्यांचा जन्म उत्तर डब्लिनमधील बॅलिबॉ या कामगारवस्तीत झाला. वडील बंदरावर गोदाम कामगार होते. कुटुंबाचा सुरुवातीचा काळ एका खोलीत गेला. शिष्यवृत्तीवर ओकॉनेल स्कूल आणि पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन येथे शिक्षण घेऊन ते माध्यमिक शिक्षक झाले. काही वर्षे त्यांनी आयरिश माध्यमाच्या शाळेत अध्यापन केले.

विद्यार्थिदशेतच ते संयुक्त आयर्लंडसाठी झटणाऱ्या प्रजासत्ताकवादी चळवळीत आले. १९७० च्या सुमारास शिन फेन पक्ष फुटला, तेव्हा ते मार्क्सवादाकडे झुकलेल्या ‘ऑफिशियल’ गटाबरोबर राहिले, पण लवकरच बाहेर पडले. शेमस कॉस्टेलो यांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या आयरिश रिपब्लिकन सोशलिस्ट पार्टीशीही त्यांचा काही काळ संबंध आला. १९७७ मधील कॉस्टेलो यांच्या हत्येनंतर हा संबंध संपला असे सामान्यतः मानले जाते. विरोधकांनी या पूर्वायुष्याचा पुढे बराच वापर केला. त्यांच्या राजकारणाचा उगम मात्र पक्षांपेक्षा मध्य डब्लिनमधील रहिवाशांच्या समित्यांत शोधणे अधिक योग्य ठरेल. १९७९ मध्ये ते डब्लिन महानगरपालिकेवर निवडून आले तेही याच बळावर.

फेब्रुवारी १९८२ च्या निवडणुकीत १६६ पैकी फिआना फॉल पक्षाला ८१ आणि फिन गेलला ६३ जागा मिळाल्या. बहुमत कोणाकडेच नव्हते. फिआना फॉलचे नेते चार्ल्स हॉही आणि फिन गेलचे नेते गॅरेट फिट्झजेराल्ड या दोघांनीही ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांशी बोलणी केली. हॉहींनी देऊ केलेले अधिक होते, आणि ते लेखी होते. ‘ग्रेगरी करार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दस्तऐवजात मतदारसंघात ४४० व उर्वरित डब्लिनमध्ये १,६०० घरे, बंदराच्या २७ एकर जमिनीचे सार्वजनिक संपादन, रोजगार आणि क्लोंडॉकिन येथील कागद गिरणीचे राष्ट्रीयीकरण ही कलमे होती. एकूण खर्चाचा आकडा १० कोटी पौंड असा बहुधा दिला जातो. तो कलमांच्या अंदाजांवर आधारलेला असल्याने काटेकोर मानू नये. ९ मार्च रोजी ग्रेगरींनी करार सभागृहात वाचून दाखवला आणि हॉहींना मत दिले. माफियांच्या भाषेत सांगायचे तर तुमच्याशी व्यवहार करून आनंद झाला, असे हॉही सही करताना म्हणाल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे.

एका मताच्या जोरावर सरकारला ओलीस धरल्याची टीका तेव्हा झाली व अजूनही होते. परंतु निम्म्याहून अधिक घरे मतदारसंघाबाहेरची होती आणि मजकूर गुप्त नव्हता, हे लक्षात घेता केवळ मतदारसंघासाठीची खिरापत हे वर्णन अपुरे वाटते. सरकार त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोसळले आणि बरीच कलमे कागदावर राहिली. काही घरे उभी राहिली. बंदरालगतच्या कस्टम हाउस डॉक्सच्या जागेवर १९८७ पासून आंतरराष्ट्रीय वित्तसेवा केंद्र वाढत गेले, जे करार लिहिणाऱ्यांच्या मनात खचितच नव्हते.

रस्त्यावरील विक्रेत्या स्त्रियांच्या बाजूने केलेल्या निदर्शनांनंतर हमीपत्र देण्यास नकार दिल्यामुळे १९८६ मध्ये त्यांना माउंटजॉय तुरुंगात दोन आठवडे काढावे लागले. हेरॉइनच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी दीर्घकाळ लढा दिला. गुन्ह्यांतून मिळवलेली मालमत्ता जप्त करण्याची मागणी ते सातत्याने करत होते. पत्रकार व्हेरॉनिका गेरिन यांच्या हत्येनंतर १९९६ मध्ये तसा कायदा आणि स्वतंत्र यंत्रणा आली. सशांमागे शिकारी कुत्रे सोडण्याच्या शर्यतींवर बंदीसाठी त्यांनी मांडलेले विधेयक मात्र फेटाळले गेले. १९९७ ते २००८ या काळातील पंतप्रधान बर्टी अहर्न हे त्यांच्याच मतदारसंघातील प्रतिस्पर्धी होते.

ते सभागृहात टाय न लावता बसत. मतदारांपैकी अनेकांना टाय परवडत नाही म्हणून, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण. ते कितपत शब्दशः घ्यावे हा प्रश्नच आहे. कर्करोगाने त्यांचे निधन झाले. जून २००९ च्या पोटनिवडणुकीत त्यांच्या सहकारी मॉरीन ओसलिव्हन अपक्ष म्हणूनच त्या जागेवर निवडून आल्या.