रेड आणि बॅकअप: लहान ऑफिसचा सर्व्हर ठरवताना होणारी गल्लत

दहा-पंधरा जणांच्या ऑफिससाठी सर्व्हर घ्यायचं ठरलं, की यादीत हमखास एक ओळ येते: ‘दोन डिस्क मिररमध्ये टाकू, म्हणजे बॅकअपची चिंता मिटली.’ मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर एकाच वेळी तेच लिहिण्याची सोय, टाकावाच. पण त्याने बॅकअपची चिंता अजिबात मिटत नाही, आणि हा गैरसमज खरेदीच्या आधीच दूर व्हायला हवा. नंतर बजेट संपलेलं असतं.

मिरर हा रेडचा, म्हणजे अनेक डिस्क एकच संच म्हणून चालवण्याच्या पद्धतीचा, एक प्रकार. रेडचा जन्म कशासाठी झाला ते पाहिलं की बरंच उलगडतं. 1988 साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडलं, की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त लहान डिस्कचा संच वापरता येईल. पण डिस्क जितक्या जास्त, तितकी त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही जास्त. म्हणून संचातच जादा माहिती साठवायची आणि एक डिस्क गेली तरी काम चालू ठेवायचं. मिरर म्हणजे रेड 1: त्यात दोन्ही डिस्कवर तेच लिहिलं जातं. रेड 5 ला किमान तीन डिस्क लागतात आणि एक गेलेली चालते. रेड 6 ला किमान चार लागतात आणि दोन गेलेल्या चालतात. रेड 0 मध्ये फक्त वेग आहे, संरक्षण शून्य. ऑफिसच्या कामाच्या फाइलींसाठी त्याचा विचारही करू नका.

म्हणजे रेड डिस्कच्या बिघाडापासून वाचवतं. पण फाइली काय फक्त डिस्क बिघडल्यामुळे जातात? कुणीतरी चुकून ग्राहकांचं अख्खं फोल्डर पुसतं. रॅन्समवेअर एका कॉम्प्युटरमधून शेअर केलेल्या ड्राइव्हपर्यंत पोहोचतं आणि सगळ्या फाइली कुलूपबंद करतं. अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरचं अपडेट डेटाबेस खराब करून ठेवतं. या प्रत्येक वेळी मिरर आपलं काम चोख करतो: पुसणं, बिघडणं, कुलूप लागणं, सगळं त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरही उतरवतो. चोरी, आग किंवा विजेचा मोठा झटका आला, तर दोन्ही डिस्क एकाच पेटीत असतात.

बॅकअपला मात्र काल काय होतं ते आठवतं, परवा आणि तीन महिन्यांपूर्वी काय होतं तेही. खराब झालेली फाइल कधीकधी आठवड्यानंतर लक्षात येते. तोवर रोज आदल्या दिवसाच्या प्रतीवरच नवी प्रत लिहिली असेल, तर चांगली फाइल कुठेच उरलेली नसते. म्हणून जुन्या आवृत्त्या टिकवणं आवश्यक आहे. स्नॅपशॉट, म्हणजे एखाद्या क्षणी डेटा जसा होता तशी टिपलेली स्थिती, या कामात मदत करतात, पण ते त्याच डिस्कवर राहतात, त्यामुळे पेटी गेली की तेही गेले.

उलट बाजूने पाहिलं तर रेडचं काम बॅकअपलाही जमत नाही. भर दुपारी डिस्क गेली, तर मिररमुळे बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. नुसता बॅकअप असेल, तर नवी डिस्क आणून सगळं परत भरेपर्यंत ऑफिस थांबतं आणि कालच्या बॅकअपनंतरचं काम जातं. रेडमध्ये नवी डिस्क बसवल्यावरही धोका लगेच संपत नाही. 8 टेराबाइटची डिस्क सेकंदाला 150 मेगाबाइटच्या वेगाने सलग भरली, तरी सुमारे 15 तास लागतात. त्या वेळात रेड 5 मधली आणखी एक डिस्क गेली, तर सगळा संच गेला.

म्हणून आराखडा करताना दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. ऑफिस किती वेळ बंद राहिलेलं चालेल? याच्या उत्तरावर रेड आणि तयार ठेवलेली जादा डिस्क ठरते. किती तासांचं काम पुन्हा करावं लागलं तर झेपेल? त्यावर बॅकअप किती वेळाने घ्यायचा ते ठरतं. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: आधी बॅकअप.

बॅकअपसाठी 3-2-1 हा जुना नियम आजही उपयोगी आहे: मूळ धरून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक ऑफिसबाहेर. बाहेरची प्रत क्लाउडवर असेल, तर परत आणायला लागणारा वेळ मोजा. 2 टेराबाइट डेटा ऑफिसमधल्या गिगाबिट नेटवर्कवरून साधारण पाच तासांत येतो. 100 मेगाबिटच्या इंटरनेटवरून सलग 44 तासांहून जास्त लागतात. म्हणून एक प्रत जवळही हवी. बॅकअपच्या जागेचा पासवर्ड रोजच्या अॅडमिन खात्याहून वेगळा ठेवा आणि ती जागा कुणाच्याही कॉम्प्युटरवर ड्राइव्ह म्हणून जोडू नका, नाहीतर रॅन्समवेअर तिथेही पोहोचतं. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करूनही भागत नाही. त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या बॅकअपच्या सोयीतूनच प्रत घ्या.

आणि प्रत खरंच परत आणून पाहा. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या सॉफ्टवेअरचा कोड ऑनलाइन साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत एका इंजिनियरकडून मुख्य डेटाबेस पुसला गेला. तेव्हा कळलं, की नेहमीचा डेटाबेस बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्तीच्या घोळामुळे तयारच होत नव्हता आणि त्याचे इशारे देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तास आधीचा एक स्नॅपशॉट हाताशी होता, त्यावरून सेवा उभी राहिली. तुमच्याकडे दर तीन महिन्यांनी एखादं फोल्डर आणि एक पूर्ण डेटाबेस दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडा, लागलेला वेळ लिहून ठेवा. बॅकअपचा पासवर्ड आणि परत आणायच्या पायऱ्या छापून ऑफिसबाहेरही ठेवा, कारण गरज पडेल तेव्हा सर्व्हरवरची ती फाइल उघडणार नाही.