वडिलांचं प्रोस्टेट, आत्याची गाठ

जनुकीय समुपदेशनाला, म्हणजे घराण्यातून येणाऱ्या आजाराच्या धोक्याबद्दल सल्ला घ्यायला बसलं की आधी वंशावळ काढायला कोरा कागद पुढे येतो. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. ज्याला कर्करोग झाला त्याचं चिन्ह भरून काळं करायचं, जो गेला त्यावर तिरकी रेघ. वडिलांच्या प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कर्करोग माणसं लगेच सांगतात. आत्याबद्दल मात्र खोदून विचारावं लागतं. ‘हो, तिच्या छातीत गाठ होती, पण ती लग्न होऊन चिपळूणला गेली ना.’ लग्नाबरोबर तिचं नाव घरच्या आजारांतून निघून गेलेलं असतं, आणि नेमकी तीच माहिती मोलाची असते.

मुंबईत या दिशेने विचार लवकर सुरू झाला होता. परळचं टाटा रुग्णालय १९४१ चं. तिथे डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी कोणत्या समाजात कोणता कर्करोग जास्त दिसतो याचा माग घेतला. १९६३ साली देशातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी याच शहरात उभी राहिली. पण नोंद माणसागणिक होती. बाप-लेक, भाऊ-बहीण एकमेकांना जोडलेले नव्हते.

ते धागे अमेरिकेतल्या युटामध्ये हाती लागले. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या वंशावळी जपतात. १९६० मधल्या तिथल्या अभ्यासात रुग्णांच्या बाप-भावांमध्ये प्रोस्टेट कर्करोगाने झालेले मृत्यू सुमारे तिप्पट निघाले. एका घरात राहण्या-जेवण्यामुळे की रक्तातून? उत्तर जुळ्यांनी दिलं, कारण एकसारख्या जुळ्यांचा वारसा एकच असतो, इतर जुळ्यांचा साध्या भावंडांइतकाच. स्वीडन, डेन्मार्क आणि फिनलंडमधल्या ४४,७८८ जोड्यांच्या २००० सालच्या अभ्यासात वारशाचा वाटा ४२ टक्के निघाला, २०१६ च्या मोठ्या अभ्यासात ५७. हा आकडा ऐकून पुष्कळ जण हबकतात. पण ‘मला होण्याची शक्यता ५७ टक्के’ असा त्याचा अर्थ मुळीच नाही. माणसामाणसांच्या धोक्यात जो फरक असतो, त्यातला एवढा भाग वारशाने येतो, इतकंच.

मग एका जनुकाचा शोध सुरू झाला. १९९६ मध्ये पहिल्या गुणसूत्रावर (जनुकं ज्यावर असतात त्या धाग्यावर) काहीतरी सापडल्यासारखं वाटलं, पण दुसऱ्या कुटुंबांत ते ठामपणे दिसेना. २००६ मध्ये आठव्या गुणसूत्राचा एक पट्टा पुढे आला, २०१२ मध्ये एचओएक्सबी१३ हे जनुक. आज धोका किंचित वाढवणारे शेकडो बारीक फरक माहीत आहेत, मात्र ते बहुतांशी युरोपीय वंशाच्या पुरुषांच्या नमुन्यांतून. तिकडचा हिशोब गिरगावातल्या माणसाला जसाच्या तसा लावू नये, असं मला कळकळीने वाटतं.

सर्वांत निर्णायक जनुक सापडलं स्तनाच्या कर्करोगाच्या कुटुंबांत. बीआरसीए२ ची ओळख १९९५ मध्ये पक्की झाली. तुटलेला डीएनए सांधणं हे त्याचं काम. ते बिघडलं की प्रोस्टेटचा आजार कमी वयात येतो, वेगाने पसरतो. २०१६ मध्ये आजार शरीरभर पसरलेल्या ६९२ पुरुषांची तपासणी झाली, ११.८ टक्क्यांमध्ये डीएनए दुरुस्तीच्या जनुकांत जन्मजात बिघाड होता, एकट्या बीआरसीए२ मध्ये ५.३ टक्के. घरात आधी कुणाला प्रोस्टेट कर्करोग होता की नाही, यावर हे प्रमाण अवलंबून नव्हतं! पण हाच बिघाड बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग घडवू शकतो, म्हणून तर आत्याबद्दल विचारायचं. २०२० मध्ये अमेरिकेत अशा रुग्णांसाठी ओलापॅरिब हे औषध मंजूर झालं आणि या तपासणीवर उपचारही ठरू लागला.

बिघाड वडिलांमध्ये सापडला, तर प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. म्हणून त्या कागदावर वडिलांच्या काळ्या चौकोनाखाली लेकीचंही वर्तुळ काढतात, आणि पुढची भेट तिच्या नावाने ठरते.